साडूभाऊंचा महागडा बोर्ड

जगातली निम्मी दुःखं स्वस्तातला मदरबोर्ड घेतल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी तो वेळेवर न बदलल्यामुळे, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे. तो डोंबिवली पूर्वेला राहतो आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं मोठं गमतीचं. दोन परके पुरुष एकाच सासऱ्याच्या दारात चपला काढतात आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर एकमेकांना भाऊ म्हणतात. आम्हीही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. ते मला अरेतुरे करतात, मी त्यांना अहोजाहो करतो, आणि आजवर आमचं कुठल्याही विषयावर एकमत झालेलं नाही. मी ठाण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. कमीत कमी पैशात जास्तीत जास्त समाधान कसं मिळवावं, हे पोरांना सांगायचा मला पगार मिळतो. आणि साडूभाऊ म्हणजे जास्तीत जास्त पैसे घालून, कोणाच्याही नजरेला पडणार नाही असं समाधान विकत घेणारा माणूस. आता तुम्हीच सांगा, आमचं जमायचं कसं?

ज्यांनी कम्प्युटर कधी उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मदरबोर्ड म्हणजे डब्याच्या आत स्क्रूने बसवलेली एक चौकोनी पाटी. प्रोसेसर, मेमरी, पंखे, वायरी, सगळी मंडळी तिच्यावर बसतात. एकदा डब्याचं झाकण लावलं की तिचं तोंड पुन्हा कोणी बघत नाही, आणि नेमका म्हणूनच साडूभाऊंचा तिच्यावर जीव. त्यांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात गेली. "वरचा रंग सगळेच बघतात रे, खालचं प्रायमर कोण बघतो?" हे त्यांचं जीवनाचं तत्त्वज्ञान. हॉटेलात गेले की मेनूकार्ड उघडायच्या आधी ते टेबलाखाली वाकून जोड बघतात. कोणी नवा सोफा घेतला की आधी त्याला उताणा पाडतात. आमच्या घोडबंदर रोडवर एका नातेवाइकाने उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला सगळे बाल्कनीत उभे राहून खाडी बघत होते, "वा, वा" करत होते, आणि हे बाथरूमच्या खिडकीतून अर्धे बाहेर वाकून डक्टमध्ये बॅटरी मारत होते. परत आले, हात धुतले आणि यजमानांना म्हणाले, "व्ह्यू फर्स्ट क्लास आहे हो. पण पाइप बघितलेत का?" त्या गृहस्थाला त्या दिवशी पुरणपोळी गेली नाही.

पण हे सगळं वरवरचं. खरा विषय मदरबोर्ड. नात्यात, सोसायटीत, जुन्या कारखान्यात कोणी कम्प्युटर घेतोय अशी नुसती कुणकुण लागली तरी साडूभाऊ पायात चपला सरकवतात. बोलावणं लागत नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या आधी तेच काउंटरवर पोचलेले असतात. प्रोसेसर साधा चालेल, मेमरी नंतर वाढवता येईल, कॅबिनेट पत्र्याचं असलं तरी हरकत नाही, "पण बोर्ड? बोर्डात कंजूषपणा नाही करायचा हां!" मग ते बोर्ड हातात घेऊन नाकाजवळ नेतात, वीज सांभाळणारे भाग मोजतात, त्यावरच्या जाड धातूच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवतात. लोक गाईच्या कासेला हात लावून बघतात ना, अगदी तसं. कल्याणचा एक दुकानदार तर त्यांना लांबून येताना बघून शटर अर्ध्यावर ओढून घेतो, असं मी स्वतः पाहिलंय. साडूभाऊ खाली वाकून, शटरखालून आत जातात.

त्यांच्या पुतणीला बघायला एक मुलगा आलेला. कांदेपोहे झाले, नोकरीची चौकशी झाली, पत्रिका जुळत होती, मुलाचा पगार ऐकून बायका एकमेकींकडे बघून हसल्या. साडूभाऊंनी गळा साफ केला. "घरी कम्प्युटर आहे का?" मुलगा खुशीत म्हणाला, "हो काका, मीच असेंबल करून घेतलाय." साडूभाऊंचे डोळे चमकले. "अरे वा! बोर्ड कोणता टाकलास?" मुलगा म्हणाला, "बोर्ड काय, सगळ्यात स्वस्त होता तो. आत कोण बघतंय?" झालं! साडूभाऊंनी हातातली बशी खाली ठेवली. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मुलगा दिसायला चांगला आहे. पण आत कोण बघतंय असं म्हणणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही." घरात भडका उडाला. पुतणीने अर्थातच त्याच मुलाशी लग्न केलं, सुखात आहे, आणि लग्नात काकांनी आहेर काय दिला असेल? झकास खोक्यातला मदरबोर्ड. नवरा मुलगा स्टेजवर तो खोका हातात धरून उभा आहे आणि साडूभाऊ त्याच्या कानात काहीतरी समजावून सांगताहेत, असा फोटो अल्बममध्ये आहे. त्या फोटोत नवरी कुठेही दिसत नाही.

त्यांच्या घरी माळ्यावर बोर्डांचे रिकामे खोके रचलेले आहेत. लोक पैठणीचे खोके ठेवतात तसे. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, दर दिवाळीला ते फेकायला काढते आणि हे दर दिवाळीला परत चढवतात. एका वर्षी त्यांनी गणपतीचं मखर त्या खोक्यांचं केलेलं. चंदेरी-काळे खोके, आत निळे दिवे, आणि मध्ये बाप्पा. येणारा प्रत्येक जण नमस्कार करायच्या आधी "हे काय आहे?" विचारायचा, आणि साडूभाऊ आरती थांबवून सांगायचे. बोर्डाबरोबर येणाऱ्या चंदेरी पिशव्यांत ताई चकलीची भाजणी भरते. "एवढं एकच काय ते उपयोगाचं येतं त्यातून," असं ती म्हणते, आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणते, म्हणजे तळमजल्यावरच्या वॉचमनलाही कळतं.

माझा आणि त्यांचा उभा दावा का, तेही सांगतो. घरी कम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा मी साडूभाऊंना न सांगता, चोरासारखा, ठाण्याच्या एका दुकानात गेलो आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड टाकून घेतला. बातमी कशी फुटली देव जाणे. बायकोने फोडली असणार, बहिणी-बहिणी! पुढच्या रविवारी साडूभाऊ सकाळी दारात हजर. चहा नको, पाणी नको. झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, हा बोर्ड नाही. हा पापड आहे." तेव्हापासून माझ्या कम्प्युटरचं नाव पापड. त्यांचा फोन आला की आधी विचारणार, "पापड आहे की मोडला?" आणि मी छाती फुगवून सांगणार, "आहे! टणटणीत आहे!" कारण तो मेला बंदच पडत नव्हता. परीक्षेचे पेपर काढा, बायकोचे हिशेब करा, सिनेमे बघा, पापड आपला चालतोय. मी त्यांना म्हणायचो, "साडूभाऊ, तुमच्या बोर्डाला तिप्पट पैसे पडतात. काम तेच. मग वरच्या पैशाचं काय मिळतं, ते एकदा दाखवा की." त्यावर ते डोळे मिटून म्हणायचे, "तुला दिसायचं नाही. तू अर्थशास्त्रवाला." त्यांच्या स्वतःच्या त्या भारी बोर्डावर काय चालायचं? तर सोसायटीच्या नोटिसा टाइप करणं आणि पत्ते खेळणं. पाणी उद्या येणार नाही, ही नोटीस डोंबिवलीत इतक्या बलाढ्य यंत्रावर दुसरं कोणी काढत नसेल.

हे असं आमचं मजेत चाललेलं, आणि मध्येच ताईच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवायला मीच बरोबर गेलेलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गाठ साधी वाटतेय, घाबरायचं काही नाही, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो, बदलू शकतो. बहुतेकांना काही होत नाही, पण सांगून ठेवतो. ताईने मान डोलावली आणि विचारलं, "दिवाळीचा फराळ मला करता येईल ना?" साडूभाऊ मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. ऑपरेशन किती वेळ, धोका किती, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आवाज बदलेल म्हणजे किती बदलेल?"

तुम्ही ताईचा आवाज ऐकलेला नाही, म्हणून सांगतो. ती गाणारी नाही. नगरपालिकेच्या शाळेत तिने लहान मुलांना शिकवलं आणि चौथीच्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज घेऊन ती निवृत्त झाली. सोसायटीच्या गणपतीत माईक तिच्याकडे. "निळ्या गाडीचे मालक, गाडी काढा, नाहीतर प्रसाद मिळणार नाही!" की पुढच्या मिनिटाला गाडी हलली. गोड आहे का आवाज? आहे, पण गुळासारखा, खडा लागतो मध्येच. त्या आवाजातलं "अहो" साडूभाऊंनी इतकी वर्षं दिवसभर ऐकलं, आणि सारखं वैतागून "आलो, आलो" म्हणत राहिले. दवाखान्यातून आम्ही रिक्षाने निघालो. स्टेशनजवळ उतरताना एकदम माझा दंड धरला आणि म्हणाले, "तिचा आवाज रेकॉर्ड करायचा. ऑपरेशनच्या आत. पण नीट. एक नंबर!"

"मोबाइल आहे की," मी म्हटलं.

"मोबाइल आवाज चावून देतो रे!" ते भर रस्त्यात ओरडले. "डब्यातून बोलल्यासारखं येतं. लग्नाच्या सीड्या बघितल्यास ना? सगळ्यात ती मागे कुठेतरी 'जेवून घ्या, जेवून घ्या' म्हणते, आणि पुढे बँड! मला तिचा आवाज पाहिजे. नुसता तिचा."

आणि मग जो उत्साह संचारला म्हणता! त्यांच्या जुन्या बोर्डात आवाजासाठी म्हणावी तशी सोय नव्हती. म्हणून तो काढून त्यांनी आधी कोणा गरजवंताला देऊन टाकला, आणि नवा आणला. त्या बोर्डात म्हणे आवाजाचा भाग बाकीच्या पाटीपासून वेगळा तोडलेला असतो, विजेची खरखर तिथवर पोचतच नाही. फोनवर मला हे त्यांनी इतक्या वेळा समजावलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "साडूभाऊ, एक चांगला माईक घ्या, साध्या बोर्डावरही चालेल." तर म्हणाले, "पाया कच्चा ठेवून कळस बसवू?" ताई मागून ओरडत होती, "तूच सांग त्यांना, मी काही मरत नाहीये!" आता एवढी घाई, तर खोका उघडून जोडून टाकावं की नाही? नाही. दसरा चार-पाच दिवसांवर होता. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त सोडून इतकी मोलाची वस्तू आदल्या दिवशी चालू करायची? छे! ऑपरेशन दसऱ्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे दसऱ्याचा अख्खा दिवस हातात, असा त्यांचा हिशेब. खोका देवघरासमोर पाटावर बसला. ताई रोज त्याला ओलांडून देवाला फुलं वाहायची.

दसऱ्याला आम्ही नवरा-बायको सकाळीच डोंबिवलीला पोचलो. दाराला झेंडूचं तोरण, आत श्रीखंडाचा वास. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. सुताराने करवतीची करावी, रिक्षावाल्याने रिक्षाची करावी, मी पुस्तकांची करतो, आणि साडूभाऊंनी पाटावर तो उघडा बोर्ड मांडलेला. बाजूला स्क्रूड्रायव्हर, पक्कड, आपट्याची पानं. बोर्ड होता मात्र देखणा, खोटं कशाला बोलू. काळाभोर, चकचकीत, कडेला चंदेरी पट्ट्या. मधोमध प्रोसेसर बसवायची चौकट, आणि तिच्यात केसापेक्षा बारीक अशा हजारभर पिना, नुसत्या फुंकरीलाही घाबराव्यात अशा. त्यांच्यावर कारखान्याने एक प्लॅस्टिकचं झाकण घातलेलं असतं. साडूभाऊंनी ते काढून ठेवलं.

"अहो, ते झाकण राहू दे ना," ताई म्हणाली. "हळद-कुंकू जाईल आत."

"देवाचं तोंड झाकून कोणी पूजा करतं का?" साडूभाऊ म्हणाले.

"मग अक्षता तरी लांबून टाका."

"तू बोलू नकोस गं, मंत्र चुकतो माझा." आणि त्यांनी डोळे मिटले, पुटपुटले आणि भक्तिभावाने मूठभर अक्षता वाहिल्या. मूठभर! ओल्या कुंकवात कालवलेल्या, चिकट. निम्म्या पाटावर पडल्या, आणि बाकीच्या बरोब्बर त्या चौकटीत. मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत साडूभाऊंनी डोळे उघडले, बघितलं, आणि माणूस तांदळातला खडा काढतो तसं बोटाने एक दाणा उचलायला गेले. दाणा निघाला. त्याच्याबरोबर पिनांची एक आख्खी ओळ आडवी झाली, वाऱ्याने भात झोपतो तशी. घाबरून त्यांनी दुसरा दाणा काढला. दुसरी ओळ झोपली.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासून नापास केला, तो पाटासमोर मांडी घालून, बोटाला कुंकू लागलेलं, नुसता बघत होता. मग त्यांनी दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. डोंबिवली, कल्याण, ठाणे. दसऱ्याची विक्री जोरात होती, पण तो बोर्ड कोणाकडेच शिल्लक नव्हता, चार-सहा दिवसांनी येईल म्हणाले. सोमवार तर परवावर आलेला. ताईला दुसऱ्या दिवशी सकाळीच दाखल व्हायचं होतं. साडूभाऊंनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं. तरी मी थांबलो. इतक्या वर्षांचं उट्टं होतं, असं कसं सोडीन?

"साडूभाऊ," ते शेवटी म्हणाले, "पापड घेऊन ये."

मी गाडी काढली. शीळफाट्याला सणाची गर्दी, घोडबंदर रोडला तर गाड्या उभ्याच. प्रत्येक झेंडूवाल्यामागे एक ट्रक आणि प्रत्येक ट्रकमागे मी. साडूभाऊंचे फोनवर फोन. "कुठे आहेस? झाकून आण हां. मांडीवर ठेव, मागच्या सीटवर हादरे बसतात." मी म्हटलं, "साडूभाऊ, गाडी मी चालवतोय, मांडीवर कुठून ठेवू?" तर म्हणाले, "बेल्ट लाव त्याला!" खरं सांगतो, परत येताना मी माझ्या कम्प्युटरला सीटबेल्ट लावून आणला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं आणि गाडीला वाहतात तसं आपट्याचं पान त्याच्यावरही ठेवलं. इतका मान त्या पापडाला कधी मिळाला नव्हता.

दुपारी उशिरा सगळं जोडून झालं. माईक लावला, आणि साडूभाऊंनी कानाला हेडफोन लावताच तोंड वाकडं केलं. "घूंऽऽ करतोय." करणारच. स्वस्त बोर्ड, विजेची खरखर सगळी आवाजात. त्यांनी वायरी हलवल्या, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, मला मोबाइल बाल्कनीत ठेवायला लावला. घूं काही जाईना. आणि ताई समोर बसली, पदर सावरला आणि बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली. "नमस्कार. मी आज बरी आहे. हवामान चांगलं आहे." साडूभाऊंनी कपाळाला हात लावला. "अगं, नेहमीसारखं बोल ना!" ताई म्हणाली, "नेहमीसारखं म्हणजे कसं? काय बोलू?" "काहीही!" "काहीही म्हणजे काय?" असं दहा वेळा झालं. ती कविता म्हणून बघते, मध्येच हसू येतं. शुभंकरोति म्हणते, तर तो आवाज देवाचा, घरातला नाही. साडूभाऊंचा चेहरा उतरत चालला. शेवटी ते थकून म्हणाले, "जाऊ दे. त्या बोर्डावर जमलं असतं. मला एक दिवस आधी जोडायला काय झालेलं!"

आणि ताईचा बांध फुटला! "काय झालेलं? मी सांगते काय झालेलं! मुहूर्त पाहिजे होता तुम्हाला, मुहूर्त! सोमवारी माझा गळा कापणार, आणि हा माणूस खोक्याला पाटावर बसवून ओवाळतोय! झाकण ठेवा म्हटलं, ऐकलंत? अक्षता लांबून टाका म्हटलं, ऐकलंत? लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपली, आणि हे आपले मंगळसूत्राची कडी तपासत बसलेले. भटजी म्हणाले, अहो, घाला आता! तेव्हाच मला कळायला हवं होतं..." मी हसत काहीतरी बोलणार, तोच साडूभाऊंनी तोंडावर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने त्यांनी हळूच बटण दाबलेलं होतं. डोळे भरलेले आणि चेहरा लहान मुलासारखा उजळलेला. ताईला पत्ताच नाही. तिने पुढे सगळा संसार काढला. माळ्यावरचे खोके काढले, मखर काढलं, पुतणीच्या लग्नातला आहेर काढला, पाइप बघायला खिडकीतून लोंबकळलेले ते काढलं. आणि मग बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "आणि एक सांगून ठेवते. आवाज गेला तर जाऊ दे. मी खुणा करून भांडेन. पण तुम्ही जेवणाच्या वेळी त्या डब्यात डोकं घालून बसायचं नाही. प्रेशरची गोळी घ्यायची. मी हाक मारू शकले नाही, म्हणून विसरायचं नाही. कळलं का? अहो, मी काय म्हणतेय, कळलं का?"

साडूभाऊ म्हणाले, "कळलं." आणि बटण बंद केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. पण नसेला धक्का लागायचा तो लागलाच, आणि काही आठवडे कमी बोला म्हणून डॉक्टरांनी बजावलं. ताईने शाळेतली पाटी काढली. साडूभाऊ बोलत सुटले की ती मोठ्या अक्षरात 'पुरे' लिहून वर धरायची. ते शांत दिवस साडूभाऊंनी कसे काढले माहितीये? खिडकीशी उन्हात बसून, डोळ्याला भिंग लावून, ताईच्या भरतकामाच्या सुईने एकेक झोपलेली पिन उभी करत. मी म्हटलं, "नवा घ्या, आता मिळतोय." तर म्हणाले, "असू दे. मी झोपवल्यात, मीच उठवतो." आणि उठवल्या! ज्या दिवशी तो बोर्ड चालू झाला त्या दिवशी त्यांनी मला कॉलेजात, चालू तासाला फोन केला, आणि मी पोरांसमोर "शाब्बास!" म्हणून ओरडलो.

परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलेलो. ताईचा आवाज आता बसका झालाय, वर चढत नाही, खाली खरखरतो. "मी फोनवर बोलले की लोक मलाच साहेब म्हणतात," ती स्वतःच सांगून हसते. यंदा गणपतीत माईक दुसऱ्या कोणाकडे गेला. साडूभाऊंनी मला कम्प्युटरसमोर बसवलं आणि आधी ते दसऱ्याचं ऐकवलं. घूंऽऽ, आणि त्यातून ती खणखणीत फैर. मी म्हटलं, "साडूभाऊ, हल्ली ही घूं काढून टाकता येते." ते म्हणाले, "काढून बघितली रे. घूं जाते, पण तिच्या 'अहो'मधला 'हो' पण थोडा जातो. मग राहू दिली." मग त्यांनी दुसरं लावलं. नव्या बोर्डावर, मागच्या आठवड्यात केलेलं. ताई कोणाला तरी थालीपीठ कसं थापायचं ते सांगत होती. काय सांगू तुम्हाला! मागे काहीच नाही, नुसती ती. घशात आवाज कुठे अडकतो, तिथे ती कशी क्षणभर थांबते आणि मग वाट काढून पुढे जाते, सगळं ऐकू येत होतं. बांगडी परातीला लागली तेही. साडूभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. "आता बोल," ते म्हणाले. "वरच्या पैशाचं काय मिळतं विचारत होतास ना? वसूल की नाही?"

मी हेडफोन काढले. "वसूल," म्हटलं. "सगळे वसूल, साडूभाऊ." त्यांच्याशी एकमत झालं ते आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईने हाक मारली, "अहो, पानं घेतलीत." आवाज फुटकाच, पण मला लांब बसूनही स्पष्ट ऐकू आला, आणि साडूभाऊ तर दाराजवळच उभे होते. तरी ते आत गेले, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं.